उजवा गुडघा

"या गोलात घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं झालेली दाखवा."

मेंदूच्या डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. नानांनी पेन घेतलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून आकडे भरायला लागले. आधी बारा, सहा, तीन, नऊ, मग मधले. काटे तर पट्टी लावून ओढावेत तसे सरळ. मग डॉक्टरांनी त्यांना शंभरातून सात-सात वजा करायला लावले, सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द पुन्हा विचारले. नानांनी पाचही सांगितले. वर म्हणाले, "उलट्या बाजूनं सांगू?"

डॉक्टर हसले. माझे यजमान, उदय, हसले नाहीत.

"एरवी ठीक असतात, डॉक्टर. पण ताण आला की गोंधळतात. अपघाताच्या दिवशी यांनी पाय चुकीचा सांगितला. तेवढं लिहून मिळालं असतं तर आमचं काम झालं असतं."

"ताणात कुणीही गोंधळतं. त्याचं सर्टिफिकेट देता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि खरं सांगू का, यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे."

माझी कुबडी भिंतीला टेकवून ठेवली होती, ती उचलून नानांनी माझ्या हातात दिली.

माझे वडील, केरबा शिंगटे, एसटीतले ड्रायव्हर. गारगोटी डेपोत सगळी नोकरी काढली आणि गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला त्यांनी कधी लावला नाही, पण रोज दाढी करताना आरशाशेजारच्या खिळ्यावर तो दिसेल अशा जागी ठेवला होता. असा माणूस, आणि त्याला आम्ही पोरासारखं घड्याळ काढायला बसवलं होतं. त्यांना राग यायला हवा होता. आला नाही, याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं.

अपघात दिवाळीनंतर झाला. गारगोटीला मावशीकडे एक साखरपुडा होता. उदयला कॉलेजात परीक्षेचं काम होतं, म्हणून निवृत्तीनंतर आमच्याकडेच राहणारे नाना आणि मी कोल्हापूरहून आमची छोटी गाडी घेऊन गेलो. येताना दुपार होती. कारखाने सुरू झाले होते, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीच्या मागे आम्ही बराच वेळ रेंगाळलो. मग रस्ता मोकळा दिसला तसा नानांनी तिला मागे टाकायला गाडी बाहेर काढली. ट्रॉलीच्या शेजारी आल्यावर दिसलं, तिच्या पुढे आणखी एक ट्रॉली जोडलेली आहे. त्यापुढे ट्रॅक्टर. समोरून जीप आली. डावीकडे ऊस, मागे यायला वेळ नाही. नानांनी गाडी उजवीकडे रस्त्याखाली घातली. तिथे वडाचं झाड होतं. माझ्या बाजूचा पुढचा कोपरा त्यावर आदळला.

नानांना कपाळावर खोक पडली. माझा उजवा गुडघा डॅशबोर्डखाली चिरडला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. कुणाचा तरी टेम्पो, नानांच्या धोतराला लागलेलं रक्त, कोल्हापूरच्या दवाखान्यातले पांढरे दिवे. दुसऱ्या दिवशी हाडाचं ऑपरेशन झालं, पट्टी आणि स्क्रू बसवले. सर्जन म्हणाले, "हाड जुळेल. पण आतले दोन अस्थिबंध तुटलेत. सूज उतरली की दुसरं ऑपरेशन लागेल. ते फार लांबवू नका. नाहीतर चालाल, पण पळता येणार नाही."

मी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका. पळता येणार नाही म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझा खो-खोचा संघ त्या वर्षी विभागात खेळला, आणि मी घरी पलंगावर पाय उंच करून फोनवर गुण ऐकले.

विम्याची आम्हाला काळजी नव्हती. बरीच वर्षं हप्ते भरले होते, कधी एका तापाचंही बिल मागितलं नव्हतं. पण कंपनीचं उत्तर आलं ते नकाराचं. या गुडघ्याला पूर्वीच इजा झाली होती आणि ती तुम्ही विमा घेताना लपवली, असं त्यात होतं. आधार काय, तर अपघात विभागातल्या केसपेपरवरची एक ओळ. रुग्णाच्या वडिलांनी सांगितल्यानुसार, शालेय वयात याच गुडघ्याला गंभीर दुखापत.

"पण माझा डावा गुडघा मोडला होता!" मी म्हणाले.

आणि ते खरं होतं. दहावीत असताना खो-खोच्या खांबावर आदळून माझी डावी वाटी फुटली होती. नानांनी मला मुरगूडजवळच्या एका हाडवैद्याकडे नेलं होतं. त्याने पाला बांधला, वर कळकाच्या कांब्या बांधल्या. हाड जुळलं, मी पुन्हा पळायला लागले. त्याला ना पावती, ना फोटो.

संध्याकाळी उदयनी नानांना विचारलं, "नाना, तुम्ही उजवा सांगितलात का?"

नाना भाकरी मोडत होते. "सांगितला असंल."

"अहो, डावा होता ना?"

"व्हय. डावा."

"मग?"

"गडबड झाली असंल, उदयराव," ते म्हणाले आणि ताटाकडे बघत राहिले.

विषय संपला असं आम्हाला वाटलं. चूक झाली, कळवू, दुरुस्त होईल. आम्ही कळवलं. आमच्या सर्जननीही लिहून दिलं की इजा ताजी आहे. कंपनीने पुन्हा तेच उत्तर पाठवलं. शिवाय त्यांच्या डॉक्टरांच्या मते एमआरआयमध्ये दिसणारी झीज जुनीही असू शकते. कॉल सेंटरवरची मुलगी दर वेळी माझं नाव नव्याने विचारायची. एकदा तिला म्हणाले, "बाई, माझा पाय आहे, मला माहीत नसेल का कुठला मोडला होता?" ती म्हणाली, "मॅडम, पण रेकॉर्डमध्ये तुमच्या वडिलांचंच स्टेटमेंट आहे."

पहिल्या ऑपरेशनसाठी शाळेच्या पतपेढीतून कर्ज काढलं होतं. दुसऱ्यासाठी हात पसरायला जागा उरली नव्हती. दिवस जात होते आणि सर्जन दर तपासणीला पूर्वीपेक्षा कमी बोलत होते.

मग उदयनी विमा लोकपालांकडे तक्रार केली. तिथे वकील चालत नाही, आपणच आपलं म्हणणं मांडायचं. उदयनी नानांच्या नावाने एक निवेदन तयार केलं. 'वयोमानामुळे आणि मानसिक धक्क्यामुळे गोंधळून मी चुकीचा पाय सांगितला.' खाली सहीसाठी जागा.

नानांनी सही केली नाही. पहिल्या दिवशी चष्मा सापडला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, वाचून करतो. मग कागद देव्हाऱ्याजवळ पडून राहिला. उदय चिडले.

"तुझ्या वडिलांना आपण म्हातारे झालो हे कबूल करायचं नाही. इथं तुझ्या पायाचा प्रश्न आहे आणि यांना मान आडवा येतो."

मी नानांची बाजू घेतली. "असू द्या हो. आयुष्यभर लोकांचा जीव हातात घेऊन गाडी चालवली त्यांनी. आता गोंधळलो असं लिहून द्यायला जड जात असेल."

मी त्यांच्याशी फार जपून वागत होते. आवाज चढवत नव्हते, औषधं घेतली का विचारत होते, अपघाताचा शब्द काढत नव्हते. आजारी माणसाशी वागावं तसं. पाहुणे आले की नानांच्या माघारी मी म्हणायचे, "नानांना हल्ली आठवत नाही नीट." एकदा असं म्हणून वळले तर नाना दारात उभे होते, हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी पाहुण्यांना पाणी दिलं आणि आत गेले. म्हणूनच मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊया म्हटल्यावर ते निमूट चपला घालून निघाले असावेत.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. 'नाना, तुमची चूक नव्हती,' असं मी त्यांना त्या पाच महिन्यांत एकदाही म्हणाले नाही. ओठांवर यायचं, पण म्हणवत नव्हतं. कारण मला तसं वाटत नव्हतं.

सुनावणी पुण्यात होती. सकाळच्या एसटीने आम्ही तिघं गेलो. नाना खिडकीशी बसले होते आणि सबंध रस्ताभर ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत होते.

खोली साधी होती, लांब टेबल. मधे सुनावणी घेणाऱ्या बाई, केस पांढरे, आवाज हळू. समोरच्या बाजूला कंपनीचा अधिकारी, देवस्थळी नावाचा, तिशीचा. वाईट माणूस नव्हता. मला बसायला खुर्ची त्यानेच पुढे केली. मग त्याने आपली बाजू मांडली. पूर्वीच्या दुखापतीची माहिती रुग्णाच्या वडिलांनी स्वतःहून दिली आहे. ती अपघातानंतर लगेच दिलेली आहे, तेव्हा विम्याचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता, म्हणून ती सर्वांत विश्वासार्ह. आता पैसे नाकारल्यावर पाय बदलतो आहे.

"पाय बदलत नाही हो," मी म्हणाले. "डावा तो डावाच."

"कागद आहे का काही?"

"नाही."

उदयनी आमचं म्हणणं वाचून दाखवलं. वय, धक्का, कपाळाची जखम, गोंधळ. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढून नानांकडे वळल्या.

"आजोबा, त्या दिवशी तुम्ही फार घाबरला असाल. गोंधळ झाला का तुमचा?"

त्यांनी उत्तरच हातात दिलं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी नानांकडे पाहत होते. त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"न्हाई," ते म्हणाले.

"नाना," उदय हळूच म्हणाले.

"न्हाई मॅडम. माझा गोंधळ झाला नव्हता. हिचा डावा गुडघा मोडला होता. मीच पाठीवर घेऊन गेलतो हिला वैद्याकडं. पट्टी पण मीच सोडायचो, मीच बांधायचो. डावा का उजवा, मी कसा विसरंन?"

"मग केसपेपरवर उजवा कसा आला?"

"मी सांगितला म्हणून."

"चुकून?"

"जाणून."

देवस्थळीने लिहिता हात थांबवला. मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. बाईंनी विचारलं, "का, आजोबा?"

नाना टोपीच्या कडेवरून बोट फिरवत होते. मग बोलले ते माझ्याकडे न बघता, टेबलाकडे बघून.

"हिला स्ट्रेचरवर घेतलं होतं. मी शेजारी. डोळं उघडून माझ्याकडं बघितलं हिनं, आन् म्हणाली, 'नाना, काय केलंत हो माझं?' एवढंच. परत डोळं मिटलं. तेवढ्यात तो डॉक्टर पोरगा आला. पाय बघून म्हणाला, गुडघा पार गेलाय, याला आधी काय झालं होतं का? आन् माझ्या तोंडातनं गेलं, व्हय, शाळेत असताना ह्याच पायाला लागलंय."

"पण का?"

"सगळं माझ्यानं झालं असं नको, म्हणून. तो गुडघा आधीच अधू होता, म्हणून एवढा मोडला. माझ्या एकट्याच्या हातनं न्हाई. असं त्या डॉक्टरला वाटावं. मला बी वाटावं. त्या झाडापाशी मी ष्टेरिंग फिरवलं, मॅडम. माझी बाजू वाचली आन् हिची गेली. हात आपसूक फिरलं. तीस वर्षं माणसं बसवून गाडी चालवली, आन् हातांनी मलाच वाचवलं."

बाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"त्या एका बोलण्यावर हिचा इलाज अडंल, हे कुठं ठावं होतं? पुढं कळलं तवा सांगायचं होतं. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. मग ही नाष्टा घेऊन यायची, कुबडीवर. म्हणायची, नाना, गोळी घेतली का? मग तोंडच उघडायचं न्हाई."

"निवेदनावर सही का नाही केलीत?" बाईंनी विचारलं.

"त्यात गोंधळलो असं लिहिलंय. ते पण खोटंच की."

देवस्थळी घसा साफ करून म्हणाला, "मॅडम, एवढंच म्हणायचंय की आता हे खरं बोलताहेत हे तरी कशावरून धरायचं?" त्याच्या बोलण्यात आधीचा जोर नव्हता, पण प्रश्न त्याला विचारावाच लागणार होता.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या डाव्या गुडघ्याचा एक्स-रे कधी काढलाय?"

मी नाही म्हणाले. दुखत नसलेल्या पायाचा एक्स-रे कोण काढतं? आमच्या सर्जनना सुचलं नाही, कंपनीलाही नाही.

"दोन्ही गुडघे त्रयस्थ हाडतज्ज्ञांकडून तपासून घ्या," त्या म्हणाल्या. "वाटी फुटून जुळली असेल तर खूण असेल. आजोबा, तुम्ही टोपी घाला. झालं आपलं."

बाहेर आलो. जिन्यापाशी उदय नानांसमोर उभे राहिले. "पाच महिने! पाच महिने तुम्ही गप्प बसलात. मी तुम्हाला डॉक्टरकडे घेऊन गेलो, चार लोकांत तुम्हाला विसराळू म्हटलं, तरी तुम्ही..."

"ते मला सोपं होतं, उदयराव," नाना म्हणाले.

मला संताप आला होता. माझा पाय दिवसेंदिवस आखडत होता, आणि एक वाक्य गिळून हा माणूस माझ्यासमोर बसून जेवत होता. पण त्या संतापाला मला नीट धरून ठेवता येत नव्हतं. दर वेळी त्याच्या मधे ते दुसरं वाक्य यायचं. नाना, काय केलंत हो माझं? मी असं म्हटलं होतं? स्ट्रेचर आठवत होतं, दिवे आठवत होते. वाक्य आठवत नव्हतं. पण त्यातला तो 'हो' माझाच होता. दुसरं कुणी असं म्हणणार नाही.

परतीच्या बसमध्ये नाना मागच्या सीटवर एकटे बसले. कराडला गाडी थांबली तेव्हा उदय खाली उतरले आणि तीन चहा घेऊन आले. एक त्यांनी मागे नेऊन दिला. कप रिकामा होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

डाव्या वाटीवर जुळल्याची रेघ स्वच्छ दिसली. उजव्या गुडघ्यात जुनं काही सापडलं नाही. निकाल आमच्या बाजूने लागला आणि कंपनीनेही पुढे ताणलं नाही. दुसरं ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, "उशीर झालाय, पण बघू." नाना दवाखान्यात रोज यायचे, बाहेरच्या बाकावर बसायचे. मी बोलावलं की आत यायचे, नाही बोलावलं की तसेच घरी जायचे. आम्ही सुनावणीविषयी एक अक्षर बोललो नाही. मी रागावले आहे असं त्यांना वाटत असावं. होतेच थोडी. पण त्याहून जास्त मला त्यांच्यासमोर अपराध्यासारखं वाटत होतं आणि ते कसं सांगायचं हे कळत नव्हतं. वेदनेत माणूस काहीही बोलतो, असं स्वतःला समजावून बघितलं. मग वाटायचं, मी ते नुसतं वेदनेत म्हटलं नव्हतं. पुढचे पाच महिने न बोलता रोज तेच म्हणत होते.

मे महिन्यात शाळेचं मैदान रिकामं असतं. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात मी तिथे पहिल्यांदा पळाले. सकाळची वेळ होती. नाना सोबत आले होते. मी नको म्हटलं नव्हतं. ते पाण्याची बाटली घेऊन कडुनिंबाखाली उभे राहिले. पहिली फेरी मी चालले, दुसरी चालता चालता जरा पळाले, तिसरी पळाले. पूर्वीसारखं नाही. उजवा पाय अजूनही टेकताना क्षणभर विचार करायचा. पण पळाले.

झाडाखाली येऊन बसले तेव्हा छाती धपापत होती. नाना शेजारी बसले. समोर कुणीच नव्हतं. एवढे दिवस अडलेलं तेव्हा बाहेर पडलं.

"नाना, एक विचारू? त्या दिवशी मी खरंच तसं म्हणाले होते?"

"कसं?"

"काय केलंत हो माझं, असं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. पार सुकला होता. ते उठले, गुडघ्यावरची माती झटकली.

"न्हाई गं," ते म्हणाले. "तू कुठली बोलतीस? तू तर शुद्धीवरच नव्हतीस."

"पण तुम्ही तिथं, पुण्यात..."

"मलाच वाटलं असंल तसं. माणसाला काय बी ऐकू येतं अशा वेळी." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्यापुढे धरला. "घाम पूस आधी. वारं सुटलंय."

मी टॉवेल घेतला. त्यात तोंड लपवून मी बराच वेळ घाम पुसत राहिले आणि नाना तिकडे तोंड करून, मैदानाकडे बघत, उभे राहिले.